सातबाऱ्यातली तिरपी रेघ

विंडोजच्या संगणकावर एक नवं फोल्डर उघडावं आणि त्याला '७/१२' हे नाव द्यायला जावं. सात उमटतो, रेघ उमटत नाही. त्याऐवजी एक छोटी सूचना येते, की अमुक नऊ चिन्हं नावात चालणार नाहीत. दोन्ही तिरप्या रेघा, उभी रेघ, एकावर एक दोन टिंबं, चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि दोन टोकदार कंस. तिरपी रेघ ही संगणकासाठी वाट दाखवणारी खूण आहे. 'हे फोल्डर संपलं, आता याच्या आतल्या फोल्डरात शिरा' असा तिचा अर्थ. ती नावातच आली तर नाव कुठं संपलं आणि वाट कुठं सुरू झाली हे संगणकाला कळणार नाही. म्हणून गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोड, महाराष्ट्रातला घराघरात ठाऊक असलेला कागद, आपल्या नेहमीच्या नावानं संगणकात राहू शकत नाही.

मग प्रत्येक जण आपापली वाट काढतो. कुणी मध्ये आडवी रेघ देतो, कुणी खालची रेघ देतो, कुणी 'सातबारा' अक्षरी लिहितो, कुणी 'सात बारा' तोडून लिहितो, कुणी सरळ '७१२' करून टाकतो. सहा महिन्यांनी शोधताना एक नाव टाकलं की बाकीचे चार प्रकार दिसतच नाहीत. कागद हरवलेला नसतो, त्याचं नाव हरवलेलं असतं. दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे कागद साठवायच्या आणि शोधायच्या संगणकी सोयीत, फोल्डर कसे उघडावे, कुठे उघडावे आणि कुठे मुळीच उघडू नयेत, हा सगळा विषय मला या एका रेघेत दिसतो.

नागपुरात या विषयाला एक खास वजन आहे, कारण इथं प्लॉटचे कागद घरोघरी आहेत. धरमपेठेतलं वास्तुविशारदाचं ऑफिस, सिव्हिल लाइन्समधली वकिलाची खोली, बेसा किंवा वर्धा रोडकडे लेआउट टाकणारा बिल्डर, एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव, सगळ्यांच्या टेबलावर तेच गठ्ठे असतात: विक्रीपत्र, इंडेक्स टू, सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), मालमत्ता कराच्या पावत्या, आधीच्या मालकांच्या जुन्या रजिस्ट्र्या, वकिलाचा शोध अहवाल. एका प्लॉटचे वीस-पंचवीस कागद सहज होतात. म्हणून पुढची सगळी उदाहरणं याच कागदांची घेतो.

कपाटात कागद एकाच जागी राहू शकतो. त्यामुळे कपाटातल्या फाइलला सगळी कामं एकटीनं करावी लागतात. मालक कोण, वर्ष कोणतं, प्रकरण कुठवर आलं, कुणाला बघायची मुभा आहे, किती वर्षं ठेवायचं, सगळं तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर आणि ती कोणत्या फळीवर आहे त्यावर अवलंबून. दस्तऐवज प्रणालीत यातली बरीच कामं दुसऱ्यांकडे जातात. प्रत्येक कागदाला स्वतःचे रकाने असतात. कागदाचा प्रकार, तारीख, पक्षकार, मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा क्रमांक) हे तिथं भरता येतं आणि कोणत्याही रकान्यावरून चाळणी लावता येते. जुन्या आवृत्त्या प्रणाली सांभाळते. कुणी कधी उघडलं, कुणी हलवलं याची नोंद राहते. एवढं सगळं असताना फोल्डरकडे उरतं काय? माझ्या मते तीनच गोष्टी. आतल्या कागदांना कोण पाहू शकतं, ते किती वर्षं ठेवायचे आहेत, आणि शोधणाऱ्याचं पाऊल सहज कुठं वळतं. नवं फोल्डर उघडताना या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट बदलत असेल तर ते उघडावं. बदलत नसेल तर ती माहिती रकान्यात जायला हवी.

ही कसोटी लावली की निम्मे फोल्डर आपोआप गळतात. 'प्रलंबित', 'मंजूर', 'नामंजूर' असे तीन फोल्डर घ्या. नकाशा मंजूर झाला की फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवायची. ज्या दिवशी हलवायची राहिली त्या दिवसापासून फोल्डर खोटं बोलू लागलं. शिवाय हलवताना वाटेवर बेतलेल्या लिंका तुटतात. ग्राहकाला मेलमधून पाठवलेली, टिपणीत चिकटवलेली, वकिलाला दिलेली लिंक उघडत नाही. अवस्था बदलत राहते, म्हणून ती रकान्यात हवी. रकाना बदलला तरी कागद जागचा हलत नाही.

इथं आपल्या सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठे पद्धत आठवते. लिपिकाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत: बैठकीवरचे, उत्तराच्या प्रतीक्षेतले, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. कागदासाठी ही फार शहाणी पद्धत आहे. टेबलाकडे नुसतं पाहिलं तरी काम कुठं अडलंय ते दिसतं. पण संगणकावर आणताना कित्येक जण तिचेच सहा फोल्डर करतात, आणि मग एकाच प्रकरणाचे कागद सहा जागी विखुरतात. ती पद्धत आणायची तर 'अवस्था' नावाचा एक रकाना करावा, त्यात ठरलेले पर्याय द्यावेत, आणि त्यावर सहा दृश्यं, म्हणजे साठवून ठेवलेल्या चाळण्या, बांधावीत. कागद आपल्या प्रकरणात राहतो, लिपिकाला आपले सहा गठ्ठेही दिसतात.

आता वरच्या पातळीबद्दल. सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा, कारण ही पातळी नंतर बदलणं महागात पडतं. वरच्या पातळीवर जे येईल ते टिकाऊ हवं. माणसं बदलतात, टेबलं बदलतात, विभागांची नावं बदलतात. 'मॅडमचं फोल्डर', 'जुन्या अकाउंटंटचं', 'नवीन' ही नावं दोन वर्षांत निरर्थक होतात. काम मात्र सहसा बदलत नाही. म्हणून कामावरून नावं द्यावीत. प्लॉटची कामं करणाऱ्या मध्यम ऑफिसला सात-आठ नावं पुरतात: ०० आवक, १० मालमत्ता, २० न्यायालयीन प्रकरणे, ३० हिशेब व कर, ४० कर्मचारी, ५० पत्रव्यवहार, ६० कोरे नमुने, ९० जुने दप्तर. आकडे दहा-दहाच्या उडीनं दिले की उद्या मध्ये 'विमा' आला तर ३५ देता येतो आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही.

या यादीत 'इतर' नाही, आणि ते मुद्दाम. 'इतर' असलं की घाईत असलेला माणूस तिथंच टाकतो, आणि घाईत तर सगळेच असतात. त्याऐवजी 'आवक' ठेवावं. स्कॅनरवरून आलेलं, व्हॉट्सॲपवरून आलेलं, मेलमधून उतरवलेलं सगळं आधी तिथं पडू द्यावं. जुन्या कचेरीत बारनिशी होती. आलेला कागद आधी तिथं नोंदला जायचा आणि मग टेबलावर जायचा. तसंच हे. फरक एवढाच की आवक आठवड्यातून एकदा रिकामी झालीच पाहिजे, आणि ते काम नावानिशी एका माणसाकडे हवं. दोघांकडे दिलं की ते कुणाकडेच राहत नाही.

'मालमत्ता'च्या आत काय? पहिला मोह ग्राहकाच्या नावाचा होतो. पण ग्राहक प्लॉट विकतो, वारस येतात, आडनावाचं लेखन बदलतं, एकाच नावाची तीन माणसं निघतात. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून मौजा आणि त्याच्या आत खसरा, ही रचना मला सगळ्यात भरवशाची वाटते. ग्राहकाचं नाव रकान्यात ठेवलं की नावावरूनही सगळं सापडतं.

खसरा हा शब्द मी जाणून वापरतो आहे. नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि १९५० पासून १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि महसुलाची तिथली बोली इथल्या कागदांत अजून आहे: मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं). अमरावती-अकोल्याकडून आलेल्या कागदावर सर्व्हे नंबर किंवा गट नंबर असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कागदावर हलक्याऐवजी साझा असतो. दोन्हीकडची कामं करणाऱ्या ऑफिसनं रकान्याला 'खसरा' असं नाव दिलं तर गट नंबरवाला कागद भरताना माणूस अडखळतो आणि रकाना रिकामा सोडतो. रकान्याचं नाव 'भूमापन क्रमांक' ठेवावं आणि शेजारी दुसरा छोटा रकाना, प्रकार: खसरा, सर्व्हे, गट, नगर भूमापन. निवडायला चारच पर्याय.

खसऱ्याच्या आकड्यातही तीच तिरपी रेघ भेटते. ४५/२, ११२/१/अ. तिच्या जागी आडवी रेघ. शिवाय आकड्यापुढं शून्य हवं. बऱ्याच प्रणाली नाव म्हणजे अक्षरांची माळ समजतात आणि डावीकडून एकेक अक्षर लावतात. तिथं ११२ आधी येतो, मग ४५, मग ९. आकडे तीन अंकी केले, ००९, ०४५-२, ११२-१-अ, की रांग नीट लागते. विंडोजचं एक्सप्लोरर आकड्यांचा क्रम समजून घेतं, म्हणून तिथं हा घोटाळा दिसत नाही. तोच ढीग प्रणालीत चढवला की दिसतो.

खसऱ्याच्या आत चार फोल्डर पुरेत: १० मालकी, २० मंजुरी, ३० कर, ९० ओळखपत्रे. याचा एक कोरा साचा 'कोरे नमुने'त ठेवावा आणि नवं प्रकरण आलं की त्याची प्रत काढावी. साच्यात पंधरा फोल्डर घालण्याची हौस टाळावी. पंधरांपैकी अकरा रिकामे राहतात, माणूस एकेक उघडून पाहतो, तीन रिकामे निघाले की चौथं उघडत नाही आणि कागद हातात असतो तिथंच टाकून मोकळा होतो.

खसरा पाडून साठ प्लॉटचा लेआउट झाला तर? पुन्हा तीच कसोटी. प्लॉट विकले गेले, मालक वेगळे झाले, एकाचे कागद दुसऱ्याला दाखवायचे नाहीत, आणि प्रत्येकाचे दहाच्या वर कागद आहेत, तर प्रत्येक प्लॉटचं फोल्डर करावं, 'प्लॉट-०१' ते 'प्लॉट-६०'. लेआउट अजून एकाच्याच नावावर आहे आणि प्लॉटमागे एखाददुसरा कागद आहे, तर 'प्लॉट क्रमांक' हा रकाना पुरतो. आणि खसऱ्याचीच फोड झाली, ०४५-२ चे दोन हिस्से झाले, तर जुनं फोल्डर मोडू नये. त्यात फेरफाराची प्रत आणि एक ओळीची टीप ठेवावी, की अमुक तारखेपासून पुढचे कागद या दोन फोल्डरांत. जुन्या रजिस्ट्र्या जुन्याच क्रमांकानं बोलतात आणि शोध अहवाल लिहिणारा वकील त्याच क्रमांकानं शोधणार.

खोली तीन, फार तर चार पातळ्यांची. त्याहून खाली गेलं की दोन अडचणी येतात. पहिली माणसाची: वाट आठवत नाही. दुसरी यंत्राची: वाटेची लांबी. विंडोजमधले कित्येक प्रोग्राम अजूनही २६० अक्षरांच्या वर गेलेली वाट उघडत नाहीत, आणि त्यात ड्राइव्हच्या नावापासून फाइलच्या शेपटापर्यंत सगळं मोजलं जातं. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणींवर ही मर्यादा ४०० आहे. म्हणजे ऑनलाइन नीट दिसणारी फाइल संगणकावर उतरवल्यावर उघडेनाशी होते. देवनागरीत ही मर्यादा लवकर गाठली जाते, कारण आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याला संगणक अक्षर म्हणत नाही. 'विक्रीपत्र' म्हणताना चार अक्षरं होतात. संगणक व्यंजन, वेलांटी, पाय मोडण्याची खूण असं सगळं सुटं मोजतो आणि दहा धरतो. लिनक्सवर चालणाऱ्या साठवणीत तर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे नावाला ८५ खुणा मिळतात. तोच शब्द लिंकेत गेला की नव्वद चिन्हांची लांब माळ होते. यावरून नावं इंग्रजीतच ठेवावीत असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो पटत नाही. ज्या भाषेत कागद आहे आणि ज्या भाषेत माणूस आठवतो त्याच भाषेत नाव असावं. फक्त ते आखूड असावं, आणि वरच्या फोल्डरनं जे सांगितलं ते खालच्यानं पुन्हा सांगू नये. 'बेसा'च्या आत 'बेसा खसरा ०४५-२ चे मालकीचे कागद' कशाला? 'मालकी' पुरे.

मराठी नावांच्या वाटेत खरी खाच वेगळी आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कळफलकावर त्याच्यासाठी वेगळा र आहे, दुसऱ्यावर साध्या र ला पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडखूण येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध मात्र एकाला दुसरा मानत नाही. वकिलाच्या नावामागचं 'ॲड.' हे तर रोजचं दुखणं. अ वर चंद्रकोर देऊन केलेला ॲ आणि एकसंध ॲ ही संगणकासाठी दोन वेगळी अक्षरं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ असलेल्या शहरात हा शब्द किती फायलींच्या नावांत असेल! उपाय दोन. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर एकच मराठी कळफलक ठेवावा. आणि जिथं म्हणून शक्य आहे तिथं नाव टंकायला लावण्याऐवजी यादीतून निवडायला द्यावं.

अंकांचंही तसंच. देवनागरी २ आणि इंग्रजी दोन ही दोन वेगळी चिन्हं आहेत. कित्येक प्रणालींत एकानं शोधलं तर दुसरं सापडत नाही, आणि कोडच्या क्रमानं लावणाऱ्या यादीत आधी सगळे इंग्रजी अंकवाले येतात, मग देवनागरीवाले. या लेखात मी उदाहरणं देवनागरी अंकांत लिहिली आहेत, पण प्रत्यक्ष फाइलच्या नावात इंग्रजी अंक ठेवावेत असं माझं मत आहे. कारण स्कॅनर, मोबाइल आणि मेल आपल्या तारखा इंग्रजी अंकांतच लिहितात आणि ते थांबवता येत नाही.

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी: २०२४-०६-३०. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. महिन्यांची अक्षरी नावं दिली तर वर्ष एप्रिलनं सुरू होतं खरं, पण पुढं ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून अशी विचित्र रांग लागते. आणि ही तारीख कागदावरची असावी, स्कॅन केल्याची नको. फाइल इकडून तिकडं नेताना 'तयार केल्याची तारीख' बदलून जाऊ शकते. नावातली तारीख तेवढी टिकते.

हिशेबाच्या फोल्डरात एक जुना गोंधळ ठरलेला. आर्थिक वर्ष २०२३-२४ चं कर निर्धारण वर्ष २०२४-२५ असतं. अर्धे लोक एका वर्षानं फोल्डर करतात, अर्धे दुसऱ्यानं, आणि एकाच विवरणपत्राची दोन घरं होतात. फोल्डर आर्थिक वर्षाचं करावं आणि नावात तसं लिहावं: 'आव २०२३-२४'. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आली आहे. तरी मागच्या वर्षांचे कागद आणि नोटिसा जुन्याच भाषेत येत राहणार, तेव्हा ही काळजी अजून काही वर्षं घ्यावी लागेल.

कागदाचा प्रकार हा सगळ्यात उपयोगी रकाना, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही त्याच्याचकडे. आपण बोलताना 'रजिस्ट्री झाली का?' विचारतो, कागदावर 'विक्रीपत्र' छापलेलं असतं, बँकवाला 'सेल डीड' मागतो. एकाच कागदाची तीन नावं. त्यातलं एक पक्कं करावं, रकान्यात तेवढंच निवडता यावं, आणि बाकीची दोन प्रणालीत समानार्थी शब्दांची सोय असेल तर तिथं नोंदवावीत. प्रकारांची यादी पंधरा-वीसच्या वर नेऊ नये. चाळीस झाली की माणूस पहिलाच पर्याय निवडून पुढं जातो. मग फाइलचं नाव असं होतं: '२०२४-०६-३०_विक्रीपत्र_०४५-२'. तारीख, प्रकार, क्रमांक. एवढं नाव फाइल कुठंही भरकटली तरी तिला घरी आणू शकतं.

स्कॅनबद्दल थोडंच सांगतो. ३०० डीपीआय, सरळ धरलेलं पान, एका दस्ताची एक पीडीएफ. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला कागद दाबून लहान केलेला असतो, त्यातली शिक्क्यावरची अक्षरं जातात. तो 'दस्तऐवज' म्हणून पाठवायला सांगावं. आणि ऑफिसातली जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टंकलेली असतील तर आतल्या मजकुरावर शोध चालणार नाही, कारण पडद्यावर मराठी दिसत असलं तरी खाली वेगळीच अक्षरं साठवलेली असतात. अशी पत्रं युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, निदान नाव आणि रकाने तरी नीट भरावेत.

परवानग्या हा फोल्डरचा खरा धर्म. आतलं फोल्डर बाहेरच्याकडून परवानगी वारशानं घेतं. जिथं हा वारसा तोडाल तिथून खालचं सगळं वेगळं सांभाळावं लागतं. म्हणून तो शक्यतो वरच्या एक-दोन पातळ्यांवर, नाहीतर साच्यातल्या ठरलेल्या फोल्डरावर तोडावा, एकेका फाइलवर तोडू नये. तसं केलं की वर्षभरानं कुणाला काय दिसतं हे प्रशासकालाही सांगता येत नाही. परवानगी माणसाला देण्यापेक्षा गटाला द्यावी: 'हिशेब', 'मंजुरी', 'वकील'. माणूस सोडून गेला की गटातून एक नाव काढलं, काम झालं. 'ओळखपत्रे' हे फोल्डर वेगळं केलं ते याचसाठी. विक्रीपत्राच्या कामात आधार, पॅन, फोटो गोळा होतात. नकाशा काढणाऱ्या मुलाला ते दिसण्याचं कारण नाही. शक्य तिथं शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार घ्यावं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हे नुसतं सौजन्याचं काम राहिलेलं नाही.

दुसरा धर्म आयुष्याचा. सरकारी अभिलेखांत अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते. अ कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, ड वर्षभराचा. खाजगी ऑफिसांत ही शिस्त सहसा नसते, पण कायदा तिथंही आहे. कंपनीची हिशेबपुस्तकं आठ आर्थिक वर्षं, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. मालकीचे कागद तर कायमचेच. एकाच फोल्डरात विक्रीपत्र आणि चहाची बिलं असतील तर दहा वर्षांनी कुणाची ते पुसायची हिंमत होत नाही, आणि ढीग वाढत राहतो. निरनिराळ्या आयुष्याचे कागद निरनिराळ्या फोल्डरांत असले की प्रणालीला मुदत सांगता येते.

आवृत्त्यांची नावं मात्र फोल्डरात किंवा फाइलनावात आणू नयेत. 'करार अंतिम', 'करार अंतिम २', 'करार खरंच अंतिम' ही मालिका सगळ्यांनी पाहिली आहे. शासनाच्या ई-ऑफिसमध्ये पिवळी टिपणी बदलता येते, टाकून देता येते. हिरवी झाली की ती नस्तीचा भाग होते. घरच्या प्रणालीतही मसुदा आणि पक्की आवृत्ती एवढा भेद पुरतो. एकच फाइल, तिच्या आत आवृत्त्या. फक्त आपली प्रणाली त्या किती सांभाळते ते आधी तपासावं. गूगल ड्राइव्ह वर्ड किंवा पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनंतर किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर काढून टाकू शकतं. महत्त्वाच्या आवृत्तीवर 'कायम ठेवा' अशी खूण करावी लागते. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायलीही तिथं सुखानं राहतात, तेव्हा 'हीच ती' असं गृहीत धरू नये.

एकच कागद दोन प्रकरणांत लागतो तेव्हा प्रत काढायचा मोह आवरावा. कागदाचं घर एक, बाकीच्या ठिकाणी शॉर्टकट. गूगल ड्राइव्हनं ३० सप्टेंबर २०२० पासून एका फाइलला एकच फोल्डर हा नियमच केला. दोन प्रती झाल्या की एकीवर दुरुस्ती होते आणि न्यायालयात दुसरी दाखल होते.

आणि नेहमीचा अपघात: संगणकाशी जुळवलेल्या फोल्डरात माऊस घसरतो आणि अख्खं 'बेसा' शेजारच्या 'बेलतरोडी'त जाऊन पडतं. सगळ्यांच्या संगणकांवरून ते एकदम दिसेनासं होतं आणि लोक कचरापेटी चाळतात. ते तिथं नसतं, कारण काहीच पुसलं गेलेलं नाही. आधी शेजारची फोल्डर आणि हालचालींची नोंद पाहावी. खरोखर पुसलं गेलं असेल तर घाई करावी. शेअरपॉइंटच्या कचरापेटीत ९३ दिवस मिळतात, गूगल ड्राइव्हच्या पेटीत ३०.

जुना ढीग कसा हलवायचा, हे पुष्कळ जण विचारतात. सगळा लावायला बसू नये. महिनाभरात उत्साह संपतो आणि अर्धं जुनं, अर्धं नवं अशी तिसरीच अवस्था होते. एक तारीख ठरवावी, १ एप्रिल सोयीची. जुनं सगळं '९० जुने दप्तर'मध्ये जसंच्या तसं ठेवावं आणि त्यात फक्त वाचायची मुभा द्यावी. नवं काम नव्या रचनेत. जुन्यातलं जे प्रकरण पुन्हा हाती येईल तेवढंच त्या वेळी नीट नावानं पुढं आणावं. एखाद-दोन वर्षांत जे लागायचं ते आलेलं असतं. उरलेल्याची प्रतवारी मग शांतपणे करता येते.

रचना झाली की तिची परीक्षा घ्यावी, आणि परीक्षा रचणाऱ्यानं स्वतः देऊ नये. नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं. डिसेंबरात मंत्रालयाचे विभाग तेवढ्यापुरते नागपुरात येतात आणि सभागृहात प्रश्न निघाला की कागद इथं लागतो. कपाट ज्यानं लावलं तो मुंबईला राहिलेला असू शकतो. आपल्याही रचनेला हीच अट लावावी. ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलीला पाच प्रश्न द्यावेत: बेसा ०४५-२ चं शेवटचं विक्रीपत्र, मागच्या वर्षीची मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशाची पक्की प्रत, आरएल, आणि या खसऱ्यावर न्यायालयात काही चालू आहे का. कुणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दोन मिनिटांत न सापडलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवावा. मग तिला विचारावं, आधी कुठं गेली होतीस? ती आरएलसाठी 'मालकी'त गेली असेल आणि आपण ते 'मंजुरी'त ठेवलं असेल, तर त्या दिवशी 'मालकी'त आरएलचा शॉर्टकट टाकावा. पुढच्या दोन माणसांनाही तिथंच जावंसं वाटलं तर कागदाचं घरच तिकडं न्यावं आणि साच्यात तशी दुरुस्ती करावी.